केळीच्या मर रोगाचं कूळ

केळीची खालची पानं कडेनं पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती लोंबू लागतात. खोड आडवं कापलं तर आत तांबूस-तपकिरी डाग दिसतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी १८७६ साली हा मर रोग नोंदवला. पुढे पनामातले मळे त्यानं असे उठवले की त्या देशाचंच नाव त्याला चिकटलं. १९६० च्या सुमारास निर्यातीची 'ग्रो मिशेल' जात बाजारातून गेली आणि तिच्या जागी रोगाला दाद न देणारी कॅव्हेंडिश आली. तिलाही मारणारा, हा रोग घडवणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचा वाण, टीआर-४, आग्नेय आशियातून पसरत आता बिहारपर्यंत पोचला आहे.

लागवडीच्या केळीला बी नाही. मुनव्यांतून किंवा टिश्यू कल्चरमधून एकाच झाडाच्या प्रती निघत राहतात, जनुकांची नवी जुळणी होतच नाही. या बुरशीतही नर-मादीचा संयोग कुणी पाहिलेला नाही. तरी ती बदलते कशी? तिच्या जनुकसंचाचा एक भाग सगळ्या वाणांत सारखा असतो. दुसरा, जोडभाग, वाणागणिक वेगळा, आणि रोग घडवणारी पुष्कळशी जनुकं तिथेच असतात. ली-जुन मा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये टोमॅटोवरच्या फ्युजेरियमबाबत दाखवलं, की अख्खं गुणसूत्र एका वाणातून दुसऱ्यात जातं आणि निरुपद्रवी बुरशी रोगकारक होते. मला ही सगळ्या कुळकथेतली सर्वांत हादरवणारी गोष्ट वाटते. रोग इथे नुसता वारशानं मिळत नाही, शेजाऱ्याकडूनही येतो.

त्यामुळे ग्रो मिशेल मारणारी बुरशीच सुधारून टीआर-४ झाली, हा सोपा समज टिकला नाही. मा यांच्याच गटानं २०२४ मध्ये दाखवलं की टीआर-४ चं कूळ वेगळं आहे. तिच्या जोडभागातली काही जनुकं नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याशी निगडित आहेत. त्याच्या निर्मितीवर ताबा ठेवणारी दोन जनुकं काढली तर तिचा मारा बराच मंदावतो.

उलट बाजूचं, म्हणजे रोगाला रोखणारं, जनुक मलाया भागातल्या रानकेळीत सापडलं: आरजीए-२. जेम्स डेल यांच्या गटानं ते कॅव्हेंडिशमध्ये घालून ती केळी २०१२ पासून ऑस्ट्रेलियाच्या रोगट जमिनीत तीन वर्षं लावली. एका वाणात रोग आलाच नाही. २०२४ मध्ये त्या देशानं अशा केळीला मंजुरी दिली. हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये मुळातच आहे, फक्त त्याचं काम त्या रोगमुक्त वाणापेक्षा सुमारे दहापट मंद चालतं. त्या प्रयोगातली जात होती ग्रँड नैन, म्हणजे रावेर-यावलच्या शेतकऱ्याची जी-नाइन.