तालुक्याच्या मैदानावर कोण कोण?

शालेय क्रीडास्पर्धांच्या इतिहासात आपण जिंकणाऱ्यांची नावं जपतो. आम्ही आज उतरणाऱ्यांबद्दल बोलणार आहोत, तेही करमाळा तालुक्यापुरतं.

अमेरिकेत खेड्यातल्या छोट्या शाळा आपल्या तोलाच्या शाळा शोधून गट बांधतात. पट घटला की गट बदलतात. आपल्याकडे अशी निवड नाही. तालुक्याची हद्द ठरवेल तो प्रतिस्पर्धी. तालुका जिंकला की जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. १४, १७, १९ वर्षांखालील असे वयोगट पाडतात. शाळेचा पट मात्र कुणी मोजत नाही.

हद्द तीच, म्हणजे शाळाही त्याच, असं वाटेल. पण तसं नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. हायस्कुलं बहुतेक खाजगी संस्थांनी काढली. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली आणि नव्या जागी वसली. केत्तूर नंबर एक, नंबर दोन. वांगीचेही असेच नंबर. गाव हललं की शाळाही हलते, पोरं विभागतात. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, जुन्यांचा पट आटला.

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं: रथ म्हणजे चाक, की आस, की जू? यातलं एकही नाही. सगळं नीट जुळलं की त्याला रथ म्हणायचं. तालुका स्पर्धेचंही तसंच. शाळा बदलल्या म्हणून ती मोडत नाही. शाळा यायच्याच थांबल्या, तर मात्र नुसतं नाव उरतं.

आणि थांबायला फार काही लागत नाही, बघा. खो-खोला मैदानात नऊ जण लागतात, कबड्डीला सात. एखाद्या वाडीच्या शाळेत खेळणाऱ्या मुली पाचच, शेजारच्या गावात सहा. दोघी मिळून कबड्डीचा संघ सहज होईल. पण खेळाडू एकाच शाळेचे हवेत, असा नियम. मग अकराही मुली घरी.

आमचं म्हणणं एवढंच: निदान तालुका फेरीपुरता दोन शाळांचा जोडसंघ उतरू द्यावा. अमेरिकेतल्या छोट्या शाळा हे करतात. हद्द आपण निवडली नाही, ठीक आहे. पण हद्दीच्या आतलं पोर मैदानाबाहेर राहू नये, हे तर आपल्या हातात आहे ना?