सुप्याचा बाजार आणि माझं कार्डाचं बिल



गेल्या दिवाळीत वहीपूजनाची तयारी चालली होती. पाटावर लाल वही मांडली, कुंकवाची वाटी ठेवली, पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी नि शालिभद्रांची ऋद्धी मागून झाली. दुकानाची वही झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "घरखर्चाची वही कुठाय?" मी मोबाईल पुढे केला. वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट, मुलीच्या क्लासची फी, मुलाची पुण्यातली मेस, सगळं क्रेडिट कार्डावरून आपोआप जातं, कार्डाचं बिल बँकेतून आपोआप भरलं जातं, वर एक टक्का कॅशबॅक येतो, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक. बाकी किती?"

मला सांगता आलं नाही.

पंधरा दिवसांनी वीजबिल भरलं गेलं नसल्याचा मेसेज आला, तेव्हा कार्ड उघडून बघितलं. पंच्याहत्तर हजारांची मर्यादा आणि बाकी बहात्तर हजारांच्या वर! आमचा महिन्याचा कार्डावरचा खर्च अठरा हजारांच्या आसपास. मग हे बहात्तर आले कुठून? बिल आपोआप भरायचं ठरवताना दोन पर्याय होते, 'पूर्ण देय' आणि 'किमान देय'. मी घाईत दुसऱ्यावर टिचकी मारली होती. दर महिन्याला पाच टक्के भरले जात होते आणि उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के व्याज चढत होतं. चार बिलांत मिळालेला कॅशबॅक सातशे वीस रुपये. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून जवळजवळ पावणेसहा हजार. चूक माझीच. बिलं दर महिन्याला येत होती, त्यावर सगळं लिहिलेलं होतं, मीच उघडत नव्हते.

सावकारी-दुकानदारी केलेल्या घरातल्या सुनेला व्याज कळू नये, याची लाज वाटली. आमचं अवसरीत पिढ्यान्‌पिढ्या किराणा दुकान. आजेसासऱ्यांच्या काळात दुकानाबरोबर थोडी देवघेवही असायची. माळ्यावर त्यांच्या चोपड्या अजून बांधून ठेवल्या आहेत. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा आपल्या या भागात व्याजाचं नेमकं काय झालं होतं, ते वाचायला घेतलं. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी शिकलो होतो. सावकार वाईट, शेतकरी गरीब, एवढंच लक्षात होतं. आणि ते सावकार बहुतेक आपल्यातले होते, म्हणून वर्गात मान खाली घालून बसल्याचं आठवतं.

सुरुवात आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात झाली, कर्डे गावात. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या एका मारवाडी सावकाराने कोर्टातून हुकूमनामा मिळवला आणि कर्जदार देशमुखाचं घर पाडायला काढलं. गाव बिथरलं. पण कोणी हात उगारला नाही, मारवाड्यांवर बहिष्कार टाकला. शेतात कोणी राबेना, पाणी कोणी भरेना, न्हावी हजामत करेना, घरकामाला माणूस मिळेना. हे वाचताना मला सारखी त्या घरांतल्या बायकांची आठवण येते. पाणी भरायला माणूस नाही म्हणजे काय, ते त्यांनाच कळलं असेल. त्यांच्याबद्दल मला कुठे एक ओळ वाचायला मिळाली नाही.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मोठी बाजारपेठ, दुकानदार आणि सावकारांची बरीच वस्ती. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी वह्या नि कर्जाची खतं मागितली. मिळाली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हेच झालं. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. पण माणसं मारण्याकडे जमावाचा कल नव्हता, त्यांना कागद हवे होते. खत हातात आलं आणि जळालं की बहुतेक ठिकाणी जमाव परत फिरला. ब्राह्मण सावकारही गावोगाव होते, त्यांना फारसा त्रास झाला नाही. रोख होता तो मारवाडी आणि गुजर सावकारांवर. बाहेरून आलेले, गावकीत न मिसळलेले, हेही एक कारण असणार. हे आपल्याला कडू लागतं, पण खरं आहे.

आता त्या कागदात असं काय होतं? यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मोठ्या पेढ्यांनी गावच्या सावकाराला आणि सावकाराने कुळाला हवं तेवढं कर्ज दिलं. मागायची खोटी की पैसे हजर! (रोज फोन येतो ना, "मॅडम, तुमची लिमिट वाढवून देऊ का?" तसंच.) युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला तीस वर्षांची मुदत संपून शेतसारा नव्याने ठरला आणि अनेक गावांत एकदम दीडपट, कुठे त्याहूनही जास्त झाला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली.

यात एक कायदा आडवा आला, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जाचं खत तीन वर्षंच चालेल, पुढे कोर्टात दावा करता येणार नाही. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलवून नवं खत करून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि न फिटलेलं व्याज एकत्र करून नवं मुद्दल, आणि त्यावर परत व्याज. मोडीत नाहीतर महाजनीत लिहिलेलं खत कुळाला वाचता येत नसे, तो अंगठा देऊन मोकळा व्हायचा. दिलेल्या पैशाची पावतीही बऱ्याचदा मिळत नसे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे एक प्रकरण आलं, त्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

आपल्याकडे याला जुना दंडक होता, दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. शंभर दिले तर शंभर व्याज आणि शंभर मुद्दल, बास. दर तीन वर्षांनी नवं खत केलं की हा दंडक कागदावर पाळला जातो आणि प्रत्यक्षात बुडतो, कारण कालचं व्याजच आज मुद्दल होऊन बसतं. आणि आपल्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत तर कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, स्पष्ट सांगितलेलं आहे. सगळे सावकार खोटे लेख करत होते असं मी म्हणणार नाही. अडल्या वेळी बियाण्याला पैसे देणाराही तोच होता, सरकार नव्हतं देत. पण जे करत होते त्यांना पर्युषणात हा अतिचार ऐकू येत नव्हता का, असा प्रश्न मला पडतोच.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमदतीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू केला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन देवघेवीचा सुरुवातीपासूनचा हिशेब तपासायला सांगितलं. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं बंद केलं. दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर करायला लावला. आणि मैत्रिणींनो, त्यात अशीही कलमं होती की पैसे घेतले की पावती द्या, वर्षाला हिशेबाचा उतारा द्या, कुळाने मागितलं तर पासबुकात मांडून द्या, नाही दिलं तर दंड भरा. म्हणजे जो कागद मला दर महिन्याला न मागता मोबाईलवर येत होता आणि मी न उघडता बाजूला सारत होते, तो मिळावा म्हणून आपल्याच जिल्ह्यात कायदा करावा लागला होता.

पुढचा इतिहास लवकर सांगते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, गावोगाव सोसायट्या झाल्या. आपोआप कापून घेणं काही बँकांनी शोधलेलं नाही. आपल्याकडे उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली परस्पर होते, डेअरीच्या बिलातून पेंडीचे पैसे वळते होतात. फरक इतकाच की डेअरीची चिठ्ठी घरातला प्रत्येक जण वाचतो! क्रेडिट कार्ड भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आणलं. कॅशबॅक १९८६ पासून अमेरिकेतल्या डिस्कव्हर कार्डाने रूढ केला. हा परतावा येतो कुठून, ते मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहते. गिऱ्हाईक मशीनवर कार्ड घासतं तेव्हा दीड-दोन टक्के आमच्याकडून कापले जातात. त्यातलाच थोडा भाग गिऱ्हाइकाला परत, आणि उरलेली कमाई माझ्यासारख्या 'किमान देय'वाल्यांकडून.

'किमान देय' आणि तीन वर्षांनी बदललेलं खत यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. न भरलेलं व्याज पुढच्या बाकीत मिसळतं. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी दिवस संपतात, आणि आज घेतलेल्या औषधाच्या गोळ्यांवरही आजपासूनच व्याज लागतं. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. दामदुपट तर इथे कोणी विचारत नाही.

मी काय केलं ते सांगते, कारण दोघी-तिघींनी फोनवर विचारलं. एक आवर्ती ठेव मोडून आणि बचतीतले घालून सगळी बाकी भरली. बँकेतला आदेश बदलून 'पूर्ण देय' केला. वीज, गॅस, फी आपोआपच ठेवली आहेत, कारण तारीख चुकून दंड भरण्यापेक्षा ते बरं. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी चोवीस तास जो मेसेज येतो, तो आता वाचते. नको असेल ते तिथूनच थांबवता येतं. मुलीने कधीतरी पाहिलेल्या सिनेमांचं एक ॲप आणि दुकानाचा जुना, बंद पडलेला इंटरनेट असे दोन खर्च त्यात सापडले.

आणि घरखर्चाची वही परत सुरू केली. बिल आलं की सासूबाई चष्मा लावून बसतात, मी एकेक रक्कम वाचते, त्या लिहितात. पक्खी प्रतिक्रमणाच्या दिवशी संध्याकाळ तशीही मोकळी ठेवलेली असते, त्याच दुपारी हे उरकतो. पहिल्या पानावर त्या पावणेसहा हजारांची नोंद करायची होती. मी म्हटलं, "व्याज नावे लिहा." त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि लिहिलं, "अक्कलखाती."