बोले, सीताराम केशव

(२९ जून १८६८ – १४ जानेवारी १९६१). मुंबईतील एक समाजसुधारक, कामगारांचे कैवारी व मुंबई कायदेमंडळाचे सभासद. भंडारी समाजात जन्म. ‘रावबहादूर’ ही पदवी त्यांना सरकारकडून मिळाली होती. ब्राह्मणेतर चळवळीतील मवाळ व विधायक वृत्तीचे कार्यकर्ते म्हणून ते प्रसिद्ध होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस गिरणगावात स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत बोले प्रमुख होते. संपापेक्षा अर्ज-विनंत्या, सामोपचार आणि शिक्षण या मार्गांवर सभेचा भर होता. कामाचे तास कमी व्हावेत, अपघातग्रस्त कामगारांना नुकसानभरपाई मिळावी, अशा मागण्या तिने सरकारपुढे मांडल्या. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्ष बोलेच होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र आंबेडकरांना भेट दिले, ते याच सभेत.

बोले यांचे नाव इतिहासात राहिले, ते मुख्यतः ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झालेल्या त्यांच्या ठरावामुळे. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठ्यांची स्थाने, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने त्यानुसार आज्ञा काढल्या. त्यांची अंमलबजावणी मात्र स्थानिक संस्थांच्या मर्जीवर राहिली. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणून, अशी स्थाने खुली न करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असे सुचविले. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही समान अधिकार असावा, या आग्रहात ते प्रबोधनकार ठाकरे व आंबेडकर यांच्यासमवेत होते.

ठराव आणि व्यवहार यांतील अंतर महाडला उघड झाले. तेथील नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले, पण कोणा अस्पृश्यास तेथे पाणी भरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क बजावला. त्यानंतर सवर्णांनी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले केले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या मूळ ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. त्यापुढील न्यायालयीन लढा उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय देईपर्यंत चालला.

यावरून बोले यांच्या कार्याची मर्यादा आणि महत्त्व दोन्ही स्पष्ट होतात. कायदेमंडळातील ठरावाने तळे खुले झाले नाही. परंतु त्या ठरावामुळे पाण्यावरील हक्काची मागणी ही याचना न राहता मान्य झालेल्या अधिकाराची अंमलबजावणी ठरली, आणि महाडच्या सत्याग्रहाला कायदेशीर अधिष्ठान लाभले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरविला. हा बदल पाहण्याचे भाग्य बोले यांना लाभले. दादरमधील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.