वर्तमानपत्रातले संप्रेरक आणि सालीआडचा भुंगेरा

१९६४ साली प्रागचे कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले, ते आपले प्रयोगाचे कीटक सोबत घेऊनच. पिऱ्होकोरिस नावाचा हा तांबडा-काळा ढेकूण प्रागमध्ये विनासायास वाढत असे. पाचव्यांदा कात टाकली की पिल्लू प्रौढ व्हायचे. हार्वर्डमध्ये मात्र ते पुन्हा पिल्लूच होई, आकाराने वाढे आणि प्रौढ न होताच मरे.

स्लामांचे यजमान कॅरोल विल्यम्स यांना ही लक्षणे ओळखीची होती. कीटकाच्या मेंदूलगतच्या एका ग्रंथीतून बाल्यसंप्रेरक स्रवते. ते रक्तात असेपर्यंत अळी अळीच राहते. ते ओसरले की रूपांतर घडते. याच संप्रेरकाचा क्रियाशील अर्क विल्यम्स यांनी १९५६ मध्ये सेक्रोपिया पतंगापासून मिळवला होता. पण हार्वर्डच्या काचपात्रांत ते शिरले कोठून?

अन्न, पाणी, प्रकाश असे एकेक कारण बाद होत गेले आणि संशय पात्रात अंथरलेल्या कागदी टॉवेलावर स्थिरावला. या प्रकरणातला सर्वांत लोभस पुरावा, माझ्या मते, त्यापुढचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या तुकड्यांवर वाढवलेली पिल्ले प्रौढ होत नसत. लंडनच्या टाइम्सवरची निर्वेध होत. अमेरिकी कागदाच्या लगद्यात बाल्सम फर या वृक्षाचे लाकूड असे, आणि त्या लाकडात बाल्यसंप्रेरकाची नक्कल करणारे द्रव्य होते. १९६६ मध्ये बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ते वेगळे केले. त्याला जुवाबायोन हे नाव मिळाले.

हे द्रव्य पिऱ्होकोरिसच्या कुळापुरतेच प्रभावी होते. आपल्या कपाशीवरचा लाल ढेकूण त्याच कुळातला. त्याचेही रूपांतर हा कागदी घटक रोखतो, हे के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी १९६६ मध्येच दाखवले.

रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये आले होते, डीडीटीविषयी अस्वस्थता वाढत होती. अशा वेळी, १९६७ मध्ये, विल्यम्स यांनी ‘तिसऱ्या पिढीच्या कीटकनाशकां’ची कल्पना मांडली. कीटक स्वतःच्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिकारशक्ती कशी कमावील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो फार टिकला नाही: डीडीटीसारख्या विषांना सरावलेल्या काही घरमाश्या बाल्यसंप्रेरकाच्या नकलेलाही दाद देत नाहीत, हे १९७२ मध्येच प्रसिद्ध झाले.

अरण्यात अडचण निराळीच होती. पाइन वृक्षांना मारणारा सालभुंगेरा अळीपण आणि कोषावस्था सालीखाली काढतो. संप्रेरकाची नक्कल परिणाम करते ती रूपांतराच्या तोंडावरच्या मोजक्या दिवसांत. नेमक्या त्याच दिवसांत कीटक फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर असतो. शिवाय अळीपण लांबले तर पोखरणेही लांबण्याची भीती.

सालीबाहेर उघड्यावर येतो तो प्रौढ भुंगेरा. मग त्यालाच गाठले तर? कॅलिफोर्नियाच्या पाइनवरील इप्स भुंगेऱ्याचा नर खोडात शिरतो, अन्न घेतो आणि मग गंधद्रव्य सोडून नर-मादी दोघांनाही त्या झाडाकडे बोलावतो. या सामूहिक हल्ल्यापुढे वृक्षाची राळ अपुरी पडते. १९६९ मध्ये जॉन बोर्डन आणि सहकाऱ्यांनी अशा नरांना कृत्रिम बाल्यसंप्रेरक दिले. अन्नाचा कणही न घेता त्यांच्यात तो गंध तयार झाला! अळीला बाल्यात डांबणारे द्रव्य प्रौढात ‘सर्वांनी या’ अशी दवंडी पिटवत होते. ज्याला शस्त्र म्हणून उचलायचे, तेच शत्रूचे रणशिंग निघाले. बाल्यसंप्रेरक केवळ बाल्याचे आहे, हा समज त्याच्या नावानेच पोसला होता, असे मला वाटते.

१९७५ मध्ये अमेरिकेत नोंदणी झालेले मेथोप्रीन हे झोकॉन कंपनीचे कृत्रिम संप्रेरक प्रामुख्याने डासांवर चालले, कारण डासाची अळी उघड्या पाण्यात असते आणि औषध त्या पाण्यातच टाकता येते. भुंगेऱ्यांवरही ते वापरले गेले, पण गोदामांत: साठवलेल्या धान्यात आणि तंबाखूत, जिथे औषध थेट अळीच्या अन्नातच मिसळता येते. पाइनच्या सालीआड ती सोय नव्हती. इप्सच्या कुळातील भुंगेऱ्यांसाठी जंगलात पुढे टांगले गेले ते गंधाचे सापळे.