परमुलखाचे बोचके

दसरा झाला की कड्याच्या पेठेत कोयत्यांना गिऱ्हाईक वाढते. जोडीला कानस, ताडपत्री, सुतळी. आष्टी तालुक्यातील माणसे सहा महिन्यांसाठी संसार बांधून ऊसतोडीला निघालेली असतात. आम्ही या कामगारांच्या संघटनेत उभी हयात घालवली. परंतु याच उसासाठी मराठी माणूस फार पूर्वी समुद्रापार गेला होता, हे आमच्या वाचनात अगदी उशिरा आले. आज तेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मॉरिशस बेटावर 1835 साली गुलामगिरी संपली. आता ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांनी 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास प्रारंभ केला होता. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता नि मद्रासहून. तथापि मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते.

त्यांनी बरोबर काय नेले असेल? पेटी भरून न्यावे इतके घरात असते तर तो गडी गेलाच नसता! सुरुवातीच्या करारांत मुदत पाच वर्षे, मजुरी महिना 5 रुपये. शिधा आणि कपडे मळेवाल्याने द्यावयाचे. म्हणजे बोचके हलके, कागद जड. तो वाचता येणारा जहाजावर विरळाच. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. परतीच्या फुकट प्रवासाचा हक्क 1850 च्या दशकात काढून घेतला. पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळे, आणि सरकारी दप्तरात माणूस त्याच नंबराने ओळखला जाई. वजन नसलेली एक वस्तू मात्र कुणाला काढून घेता आली नाही. कोकणातला जाखडी नाच तिकडे 'झाकरी' या नावाने अजून चालतो.

आता आमच्याकडचे पाहा. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली. ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली. मग ट्रकमध्ये बाजरीची पोती, हंडे, पत्र्याची पेटी, कोपीचे बांबू, एखादी शेळी चढते. म्हातारी मागे राहते, नातवंडांना धरून. तिकडे बाई आजारी पडली तरी खाडा धरतात आणि त्याचे पैसे उचलीत चढवतात. मॉरिशसच्या दुहेरी कपातीचे हे चुलत भावंडच. फरक एवढाच की तिथे छापील कागद तरी होता. इथे सारा हिशेब मुकादमाच्या वहीत.

एका हंगामात, एका कारखान्यावर, हिशेबाच्या दिवशी एका जोडप्याच्या नावावर बरेच टन कमी निघाले. त्यांची पोरगी सहावीतली. तिने रोज संध्याकाळी शाळेच्या वहीत खेपा आणि वजने लिहून ठेवली होती. आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मुकादम तासभर भांडला, मग त्याने आपला आकडा खोडला. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही घरोघर एक कोरी वही नि पेन्सिल देतो, आणि ती पिठाच्या डब्यात ठेवायला सांगतो. कोपी गळली तरी तेवढी जागा कोरडी राहते.