तेव्हा आम्ही कोठे होतो?

मोठ्या आपत्तीची गोष्ट निघाली, की प्रत्येक जण प्रथम आपण त्या वेळी कोठे होतो हे सांगू लागतो. ऐकणाराला तो आत्मगौरव वाटण्याचा संभव आहे. आमच्या मते इतिहासाची पहिली साक्ष तीच होय. मात्र ती पारखून घ्यावी लागते.

नवी मुंबई हे वयाने लहान शहर. येथील आगरी-कोळी गावांची स्मृती जुनी; पण सिडको स्थापन झाली १९७० साली, आणि खाडी ओलांडून वाशीला रेल्वे आली ती १९९२ साली. ठिकठिकाणांहून येऊन वसाहतींत राहिलेल्या आम्हा लोकांना सामाईक अशी आठवण फारशी नव्हती. ती २६ जुलै २००५ च्या मंगळवाराने दिली.

त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली; कुलाब्याच्या वेधशाळेने अवघी ७३. मिठी नदी फुगली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. एकट्या मुंबईत चारशेंहून अधिक माणसे दगावली. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली.

आम्ही त्या दुपारी फोर्टातील कचेरीत होतो. खिडकीबाहेर नुसती भुरभुर. हाताखालच्या एका मुलीने घरून दूरध्वनी आला म्हणून लवकर जाण्याची परवानगी मागितली. ती राहावयास कलिन्याला होती. संध्याकाळी आम्ही निघालो ते शीवपुढे कमरेएवढ्या पाण्यातून, मानखुर्दवरून वाशीचा पूल पायी ओलांडून पहाटे घरी पोहोचलो. वाटेत अनोळखी माणसांनी चहा दिला, हात दिला.

ही हकीकत आम्ही पुढे अनेकदा सांगितली, आणि दर वेळी 'सर्वांना आम्ही वेळीच घरी सोडले' असे म्हणत गेलो. खोटे बोलत आहोत असे कधी वाटले नाही. काही वर्षांनी त्याच मुलीने शांतपणे सांगितले, "साहेब, तुम्ही खिडकीकडे बोट दाखवून 'हा काय पाऊस आहे?' म्हणालात. मी ती रात्र बसच्या वरच्या मजल्यावर काढली."

अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर अवकाशयान नष्ट झाले, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून आपापल्या आठवणी लिहून घेतल्या. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांचे सांगणे स्वतःच्याच लेखाशी जुळेना. पण खात्री मात्र कायम होती. आमचेही तसेच झाले होते.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने साक्षीदाराला प्रथम स्थळ आणि वेळ विचारावी. कुलाब्याचा माणूस पूर नव्हता म्हणेल, सांताक्रूझचा प्रलय होता म्हणेल. आणि दोघेही खरेच बोलत असतील. श्रोत्यांना आमची विनंती एवढीच, की आपली आठवण आजच लिहून ठेवा, आणि शक्य तर त्या वेळी जो सोबत होता त्याला ती वाचून दाखवा.

आमच्या वहीतील दुरुस्त नोंद अशी आहे : २६ जुलै २००५, दुपारी तीन, फोर्ट. पाऊस किरकोळ. परवानगी मागितली होती. आम्ही दिली नाही.