धातूचे मोल आणि वर एक पंचमांश

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरचे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तिच्यावर लोहयुग, मग सातवाहनांना पोटात घेणारा प्रारंभिक ऐतिहासिक काळ आणि सर्वांत वर मध्ययुगाचा आरंभ, असा क्रम तेथे लागला.

अशा टेकाडात एखादे गंजलेले नाणे मिळाले, तर शेजारचे खापर त्याची साक्ष देते आणि ते नाणे थराचा काळ सांगते. तेच नाणे लिलावाच्या सूचीत येते तेव्हा सोबत छायाचित्र, वजन आणि ‘सातवाहन, पोटिन’ एवढीच ओळ असते. गावाचे नाव बहुधा नसते.

पोटिन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू. काशाचा गरीब भाऊबंद. या नाण्यांची एक खोड आहे. ठसा चकतीहून मोठा असल्याने राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच उमटते. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची. वाचन जुळते ते अनेक नाणी शेजारी मांडूनच.

थर हाती नसला तरी साठा एकत्र राहिल्यास काय साधते, हे वऱ्हाडात दिसले. १९३९ मध्ये तऱ्हाळा येथे (तेव्हा अकोला जिल्हा, आज वाशीम) सुमारे १,६०० पोटिन नाणी सापडली. वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली आणि कुंभ, कर्ण, शक अशी नावे लावणारे सातकर्णी उजेडात आले. पुराणांतील वंशावळींना हे राजे ठाऊकच नव्हते.

आज असा साठा शेतात लागला तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. सरकारने तो घ्यायचे ठरवले, तर हक्कदारांना धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. सोन्याच्या हंड्यासाठी हा हिशेब एक वेळ चालेल. पोटिनच्या धातूला मोडीत काय येणार? संग्राहक मात्र अक्षरांचे पैसे देतो. नांगरणाऱ्याने गप्प राहावे, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने व्यापाराला परवाना सक्तीचा केला, खासगी निर्यात बंद केली. पण सापडल्या जागेची नोंद त्यातून परत येत नाही.

मग साठा चिमटी-चिमटीने विकला जातो. परवानाधारक विक्रेत्याकडून रीतसर घेतलेले एखादे नाणे संग्राहक भिंगाखाली धरतो. सोंड उचललेला हत्ती, मागे उज्जयिनी चिन्ह, कडेला ब्राह्मीत ‘सातकणिस’ एवढेच. हा गौतमीपुत्र की कुंभ, हे सांगू शकणारी अक्षरे ज्या नाण्यावर होती, ते दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या शहरात घेतलेले असते.